टपाला पाडलेली खिडकी

मनुष्य प्रथम डोक्यावर छप्पर घालतो, आणि छप्पर पक्के झाले की त्याला भोक पाडण्याचा विचार करू लागतो. या विधानात कोणाला उपहास दिसेल, पण आम्ही ते गांभीर्याने लिहीत आहोत. पेडणे महालातील आमच्या आजोळच्या घरी स्वयंपाकघराच्या छपरात एक काचेचे कौल होते. मंगळुरी कौलांच्या रांगेत, चुलीपासून हातभर अंतरावर, ते बसविलेले होते. सकाळी त्यातून उन्हाचा एक चौकोन भिंतीवर उतरे, दुपारी तो जमिनीवर येई, आणि त्याच्या जागेवरून आजी वेळ ओळखीत असे. पावसाळ्यात गळती लागली की पहिला संशय त्याच कौलावर जाई. तरीही दरवर्षी घर शाकारताना ते काढून साधे कौल घालावे, असे कोणी कधी सुचविले नाही. उजेडासाठी थोडी गळती सोसावी, असा त्या घराचा अलिखित कायदा होता.

या कौलाची आठवण होण्याचे कारण थोडे चमत्कारिक आहे. गेल्या वर्षी बेळगावातील दोघे सख्खे भाऊ आमच्याकडे सल्ला विचारण्यास आले. त्यांच्या दिवंगत वडिलांनी १९६८ साली घेतलेली फियाट ११०० मोटार आजही त्यांच्या घरी चालू स्थितीत आहे. धाकट्याचे म्हणणे, या मोटारीच्या टपाला आधुनिक काचेचे सनरूफ बसवावे. आई ऐंशीच्या घरात आहे, मागच्या आसनावर तिचा जीव घुसमटतो, डोक्यावर उजेड आला तर तिला घाटातून नेता येईल. थोरल्याचे म्हणणे, वडिलांच्या मोटारीला करवत लावू देणार नाही. प्रकरण कोर्टात जाण्याजोगे नव्हते, पण अबोला धरण्याइतके पुढे गेले होते. ‘वकीलसाहेब, तुम्ही सांगाल ते दोघेही मानू,’ असे म्हणून त्यांनी कागद आमच्यासमोर ठेवले.

प्रथम आम्हांस हसू आले. परंतु निवाडा द्यावयाचा तर विषयाची पूर्वपीठिका पाहिली पाहिजे, या व्यवसायाच्या सवयीने आम्ही चार पुस्तके चाळली, दोन मिस्त्र्यांना भेटलो आणि कायद्याची कलमे पुन्हा वाचली. तेव्हा ध्यानात आले की, मोटारीच्या टपाला पडलेल्या भोकाला शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासातूनच या भावांच्या प्रश्नाचे उत्तर निघण्याजोगे आहे. तोच इतिहास वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आरंभीच्या मोटारी म्हणजे घोडा सोडलेली बग्गीच होती. वर छप्पर असलेच तर ते कापडाचे, मिटता येणारे. पुढे बंद मोटारी आल्या, भिंती पत्र्याच्या झाल्या, खिडक्यांना काचा लागल्या, तरी टपाचा मधला भाग कापडाचाच राहिला. लाकडी पट्ट्यांवर जाळी, जाळीवर कापसाची गादी आणि त्यावर रोगण दिलेले कापड, अशी त्याची रचना असे. याचे कारण हौस नव्हते, अडचण होती. संपूर्ण टप एका तुकड्यात दाबून काढावा इतका रुंद पत्रा पोलादाच्या गिरण्यांतून निघतच नसे. १९२० च्या दशकात अमेरिकेत पत्रा सलग लाटणाऱ्या रुंद गिरण्या उभ्या राहिल्या, आणि १९३५ सालच्या मोटारींसाठी जनरल मोटर्सने एकसंध पोलादी टप काढून त्याची ‘टरेट टॉप’ या नावाने मोठी जाहिरात केली. मोटारीच्या छपराचे भोक शेवटी बुजले.

गंमत अशी की, भोक बुजत असतानाच ते पुन्हा उघडण्याचे उद्योगही चालू होते. इंग्लंडात, जेथे ऊन ही चैनीची वस्तू आहे, तेथे सरकत्या टपाची पेटंटे १९२० च्या दशकातच घेतली गेली होती. त्यांपैकी पिचली नावाच्या सरकत्या टपाने इंग्रजी मोटारींवर बरेच दिवस राज्य केले. आमच्या व्यवसायबंधूंना ‘पिचली ऑटोकार कंपनी विरुद्ध व्हॉक्सहॉल मोटर्स’ हे नाव पेटंट-निवाड्यांच्या १९४१ सालच्या खंडात सापडेल. टपाच्या भोकावरून माणसे कोर्टात भांडली, हे आमच्या दोन भावांना सांगितले तेव्हा त्यांना किंचित धीर आला. अमेरिकेत १९३७ साली नॅश कंपनीने उघडता येणारा पोलादी टप दिला. जर्मनीत विल्हेल्म बायर या गृहस्थांनी १९०१ साली तार व लोखंडी सामानाचा कारखाना काढला होता. पुढे तो म्युनिकजवळच्या श्टॉकडॉर्फ गावी गेला आणि मालकाच्या नावाची व गावाच्या नावाची आद्याक्षरे जुळवून ‘वेबास्टो’ झाला. १९३० च्या दशकात या कारखान्याने मोटारींसाठी घडीचे कापडी टप करण्यास प्रारंभ केला. ते नाव आजही या धंद्यात अग्रभागी आहे.

येथपर्यंतची कथा मोठ्या मोटारींची. छोट्या मोटारींच्या बाबतीत उघडा टप ही चैन नव्हती, काटकसर होती, आणि आमच्या मते या इतिहासातील मर्माची गोष्ट हीच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात पोलाद महाग होते, खिसे रिकामे होते, आणि सामान्य माणसाला चार चाके हवी होती. फ्रान्समध्ये १९४८ सालच्या पॅरिस प्रदर्शनात सिट्रोएनने आपली ‘२ सीव्ही’ मांडली. शेतकऱ्याने नांगरट झालेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी एकही अंडे फुटू नये, अशी या मोटारीच्या मागची अपेक्षा प्रसिद्ध आहे. तिचा टप म्हणजे पुढच्या काचेपासून मागे खालपर्यंत गुंडाळत जाणारे जाड कापड होते. त्यामुळे वजन वाचले, पैसा वाचला, आणि कपाटासारखी उंच वस्तूही आत उभी ठेवता आली. जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलला १९५० पासून कापडी सरकता टप मिळू लागला, आणि १९६३ च्या ऑगस्टनंतरच्या मोटारींत त्याच्या जागी हँडल फिरवून उघडणारा पोलादी टप आला.

इटलीची कथा अधिक जवळची आहे, कारण तिचा धागा आपल्या कुर्ल्यापर्यंत येतो. दान्ते जाकोसा हे फियाटचे थोर अभियंते. त्यांची ‘नुओवा ५००’ ही चिमुकली मोटार ४ जुलै १९५७ रोजी बाहेर पडली. लांबी ३ मीटरांहून थोडी कमी, इंजिन मागे, आणि तेही अवघे ४७९ घन सेंटिमीटरांचे. हिचाही टप कापडाचा होता आणि तो मागच्या बाजूस थेट खाली उतरत असे. मागची खिडकीसुद्धा त्या कापडातच शिवलेली, प्लॅस्टिकची होती. १९७५ पर्यंत या मोटारी निघत राहिल्या आणि त्यांची संख्या अडतीस लाखांच्या वर गेली. इटलीतील किती कुटुंबांनी आयुष्यातील पहिला सहलीचा दिवस त्या कापडी टपाखाली काढला असेल, याची गणती कोण करणार? मोटार लहान होती, पण तिचे छत आकाशाएवढे होते.

इंग्लंडची मिनी याला अपवाद. १९५६ च्या सुएझ प्रकरणात पेट्रोलची टंचाई झाली, आणि स्मर्ना येथे जन्मलेले अभियंते अ‍ॅलेक इसिगोनिस यांना अल्प इंधनावर चालणारी मोटार करण्याचे काम मिळाले. २६ ऑगस्ट १९५९ रोजी मिनी बाजारात आली. इंजिन आडवे बसवून आणि चाके अवघ्या १० इंचांची करून इसिगोनिस यांनी १० फूट लांबीत चार माणसे बसविली. टप मात्र पोलादाचा आणि बंद ठेवला. शरीर हेच हाडाचे, वेगळा सांगाडा नाही, अशा मोटारीत टपाचा पत्राही भार वाहतो. परंतु ज्यांना आकाश हवे होते ते गप्प बसले नाहीत. १९६० च्या दशकात लंडनच्या हॅरल्ड रॅडफर्डसारख्या कारागिरांनी धनिकांसाठी मिनीचे टप कापले व त्यांत वेबास्टोचे घडीचे टप बसविले. जुन्या छोट्या मोटारीच्या टपाला करवत लावण्याची परंपरा, म्हणजे वाटते तितकी नवी नाही.

आता काचेकडे वळू. काच टपावर येण्यास उशीर झाला, कारण काच फुटते, आणि डोक्यावर फुटणारी काच कोणाला नको असते. १९०३ साली पॅरिसमध्ये एदुआर बेनेदिक्तुस या रसायनज्ञाच्या हातून काचेचा चंबू पडला. तो तडकला, पण त्याचे तुकडे विखुरले नाहीत, कारण आत वाळून राहिलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पापुद्र्याने ते धरून ठेवले होते. त्यातून त्यांनी दोन काचांमध्ये पापुद्रा घालून केलेली सुरक्षा-काच निर्माण केली व १९०९ साली तिचे पेटंट घेतले. दुसरा प्रकार पोलादासारखे पाणी दिलेल्या काचेचा. काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम निवविली म्हणजे तिचा पृष्ठभाग आवळला जातो. अशी काच कितीतरी बळकट होते, आणि फुटलीच तर तिचे बोथट खडे होतात. मात्र एकदा पाणी दिल्यावर तिला कापता वा भोक पाडता येत नाही. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. १९५९ साली, म्हणजे मिनीच्याच वर्षी, इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट करण्याची आपली रीत जाहीर केली, आणि सपाट, निर्दोष काच स्वस्त झाली.

मध्यंतरी अमेरिकेत एक घाई होऊन गेली. १९५४ साली फोर्डने ‘स्कायलायनर’ आणि मर्क्युरीने ‘सन व्हॅली’ या मोटारींच्या टपाच्या पुढील भागात हिरवट रंगाचा पारदर्शक अ‍ॅक्रिलिक बसविला. जाहिरात सुंदर होती. प्रत्यक्षात उन्हाळ्यात आतील मंडळी शिजू लागली, आणि त्या हिरव्या उजेडात चेहऱ्यांचा रंगही काही शोभिवंत दिसेना. आतून लावावयाचा पडदा पुरविण्याची पाळी आली, आणि काही वर्षांतच तो प्रकार बंद पडला. १९७३ साली लिंकन काँटिनेंटल मार्क ४ या मोठ्या मोटारीत सरकणारी रंगीत काच आली. तिला ‘मूनरूफ’ हे नाव दिले गेले. उन्हाचा अनुभव घेतल्यावर मंडळींना चंद्राची आठवण व्हावी, हे स्वाभाविकच होते. त्यानंतर काचेचे टप, कारखान्यात बसविलेले आणि बाहेर बसविता येणारे, उत्तरोत्तर वाढले. ४ जुलै २००७ रोजी, बरोबर पन्नास वर्षांनी, फियाटने आपली नवी ५०० बाहेर काढली, तेव्हा तिच्यासाठी काचेचा टपही उपलब्ध होता. पन्नास वर्षांत कापडाची काटकसर काचेची चैन झाली.

आपल्याकडे काय चालले होते? सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली व कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम अमेरिकी मोटारी जुळविल्या जाऊ लागल्या. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर नुसती जुळवाजुळव करणाऱ्या परदेशी कंपन्या भारतातून निघून गेल्या, आणि येथेच सुटे भाग घडविणाऱ्या कंपन्या राहिल्या. फियाटच्या सहकार्याने कुर्ल्यात निघालेली ११०० ही मोटार १९६४ च्या सुमारास ‘डिलाइट’ नावाने, आणि १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नावाने ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. इंजिन १०८९ घन सेंटिमीटरांचे, गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबाला. नवी मोटार हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मुक्तिपूर्व गोव्यात आयातीचे निर्बंध सैल असल्याने निरनिराळ्या युरोपीय मोटारी रस्त्यांवर दिसत. घाटाच्या वर, बेळगाव-हुबळीत, मध्यमवर्गाची निवड मात्र फियाट वा अ‍ॅम्बॅसडर एवढीच उरली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे नाहीशी झाली. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती, आणि वीस वर्षांची मुदत भरली. ज्या वस्तूकडे रोज पाहूनही आपण पाहत नव्हतो, ती अशा रीतीने दुर्मिळ झाली.

या मोटारीची मूळ इटालियन आवृत्ती १९५३ ची. तिचे शरीरही मिनीप्रमाणेच एकसंध आहे, वेगळा सांगाडा नाही. म्हणून टप कापावयाचा म्हणजे केवळ झाकण कापावयाचे नव्हे, हे आम्हांस ज्या वृद्ध मिस्त्र्याने समजावून दिले त्याची भाषा येथे थोडक्यात देतो. टपाच्या दोन्ही कडांना पोकळ पोलादी पट्ट्या असतात व आतून आडव्या कमानी असतात. भार त्यांच्यावर असतो. भोक दोन कमानींच्या मधे बसले तर ठीक, कमान कापावी लागली तर तिचे बळ दुसरी चौकट देऊन भरून काढावे लागते. कडेच्या पट्ट्यांना मात्र हात लावू नये. आतील कापडी अस्तर आधी उतरावे लागते, आणि साठ वर्षांचे अस्तर उतरताना फाटले नाही तर ते नवल. मग कागदाचा नमुना ठेवून खुणा करावयाच्या, चार कोपऱ्यांना भोके पाडावयाची आणि पातळ पात्याने पत्रा कापावयाचा. कापलेली कड तत्काळ घासून, गंजरोधक लावून रंगवावी लागते, नाही तर दोन पावसाळ्यांत गंज रबराच्या पट्टीखाली शिरतो व बाहेरून दिसत नाही. मग बाहेरून चौकट, आतून आवळपट्टी, आणि मधे टप चिमटीत धरलेला.

वर काचेविषयी सांगितलेला मुद्दा येथे उपयोगी पडतो. काच कापता येत नाही, म्हणून काचेच्या मापाने टप कापावा लागतो, टपाच्या मापाने काच कापता येत नाही. शिवाय जुन्या छोट्या मोटारींचा टप दोन्ही दिशांनी फुगीर असतो आणि बाजारात मिळणारी चौकट बहुधा सपाटीकडे झुकणारी असते. जमवून घेणे भाग पडते ते जुन्याला. सरकणारी काच हवी तर ती सरकून जाण्यास टपात जागा हवी, आणि ती घेतली की डोक्यावरची दोन-तीन इंच उंची जाते. म्हणून छोट्या मोटारींत मागच्या कडेने नुसती उचलली जाणारी काच बसवितात. चांगल्या सनरूफच्या चौकटीखाली पन्हळ असते व चार कोपऱ्यांतून चार नळ्या खांबांच्या आतून खाली उतरतात. पाणी थोडे आत यावयाचेच, ते कोठून बाहेर जाते यावर सारे अवलंबून. गळतीचे मूळ बहुधा काचेत नसते, त्या तुंबलेल्या नळीत असते. स्वस्त प्रकारात पन्हळही नाही आणि नळ्याही नाहीत, सारा भरवसा रबरावर. आंबोलीसारख्या ठिकाणी, जेथे वर्षाला सात हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथे तो भरवसा किती टिकेल हे सांगावयास मिस्त्री नको.

वजनाची भीती मात्र आम्हांस निराधार आढळली. पाऊण मीटर लांब व चाळीस सेंटिमीटर रुंद भोकाला ४ मिलिमीटर जाडीची काच लावली तर ती ३ किलो भरते. कापून काढलेला पत्रा सुमारे २ किलोंचा. चौकट धरून चार-पाच किलोंची वाढ. उन्हाचा हिशेब अधिक कठोर आहे. माथ्यावरचे स्वच्छ ऊन दर चौरस मीटरला सुमारे एक हजार वॉट उष्णता ओतते. एवढ्याशा भोकावर तीनशे वॉट पडतात. काच काळसर असली तर त्यांतील काही भाग अडतो, सारा नव्हे. वातानुकूलन नसलेल्या मोटारीत, मे महिन्यात, वृद्ध स्त्रीच्या डोक्यावर! अमेरिकेने १९५४ साली जे शिकून घेतले ते आपण पुन्हा शिकण्याचे कारण नाही.

आता कायदा. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ असे सांगते की, नोंदणी-प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने वाहनात करू नये. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळातील एका प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ अन्वये अनधिकृत फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. टपाला भोक हा फेरफार या व्याख्येत बसतो की नाही, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येईल. पण ज्याला आईला घाटातून न्यावयाचे आहे, त्याने युक्तिवादाच्या भरवशावर करवत उचलू नये. जुन्या वाहनाची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि तेव्हा निरीक्षकाची दृष्टी टपावर जाणारच.

दुसरी गोष्ट २०२१ च्या नियमांची. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांस ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू शकते, पण वाहन मूळ रूपात राखलेले हवे. सांगाडा, शरीर वा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. १९६८ ची मोटार या कक्षेत येते. टप कापला तर तो दरवाजा आपल्याच हाताने बंद केल्यासारखे होईल. उलट, व्हिंटेज नोंदणी घेतली तर ती मोटार रोजच्या वापरास काढता येत नाही. प्रदर्शन, मेळावे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर यावयाची. थोरल्याला मोटार जपावयाची होती, धाकट्याला चालवावयाची होती. कायद्याने दोघांनाही अर्धे अर्धे दिले होते.

जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ साली मान्य केलेली ‘ट्यूरिन सनद’ आम्ही वाचली. वास्तुजतनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचा आदर्श तिच्यासमोर आहे. तिचे सार आपल्याकडच्या जाणत्या सुताराला नवे वाटणार नाही. जुन्यात नवे घालावे लागले तर ते असे घालावे की उद्या काढता येईल, आणि काय घातले याची नोंद ठेवावी. आमच्या आजोळचे काचेचे कौल याच जातीचे होते. ते उचलून साधे कौल ठेवले की छप्पर पूर्ववत् झाले असते. पत्र्याला पाडलेले भोक तसे नाही. कौल बदलता येते, कापलेला टप पुन्हा न कापलेला होत नाही. एवढा एक फरक ध्यानात आला आणि आमचे मत ठरले.

तथापि आम्ही येथे प्रामाणिकपणे एक कबुली देतो. थोरल्याच्या बाजूने मन झुकत असताना धाकट्याचे म्हणणे आम्हांस हलके वाटले नाही. पॅरिसच्या, तुरिनच्या, लंडनच्या ज्या सामान्य माणसांसाठी छोट्या मोटारी निर्माण झाल्या, त्यांना त्या काचेच्या कपाटात ठेवावयाच्या नव्हत्या, त्यांतून रविवारी आकाश पाहावयाचे होते. वस्तू वापरण्यासाठी असते, आणि वापरणाराच्या गरजेप्रमाणे ती बदलते. ज्या वडिलांनी ती मोटार घेतली त्यांनीही तिला दिवे, पंखा, टपावरचे कॅरियर अशी चार शिंगे जोडली होतीच. म्हणून ‘मूळचे तेच पवित्र’ हे सूत्र आम्ही स्वीकारीत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की, ज्या बदलातून परत फिरता येते तो बदल वारसाने खुशाल करावा. ज्यातून परत फिरता येत नाही तो करण्यापूर्वी, ज्याच्यासाठी आपण तो करीत आहोत त्याला निदान विचारावे.

हे शेवटचे वाक्य लिहिताना आम्ही थबकलो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची स्वकष्टार्जित मालमत्ता विधवा व अपत्ये यांत समान वाटली जाते. मृत्युपत्र नव्हते, मुलगी नव्हती. म्हणजे त्या मोटारीचा एक-तृतीयांश भाग थोरल्याचा, एक-तृतीयांश धाकट्याचा, आणि एक-तृतीयांश मातोश्रींचा. दोन हिस्सेदार वर्षभर भांडत होते, आणि तिसऱ्या हिस्सेदाराचे मत कोणी घेतलेच नव्हते. दोघांनाही आम्ही विचारले, ‘आईला काय हवे आहे?’ दोघांनीही एकमेकांकडे पाहिले.

पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. मातोश्री ओसरीवर बसल्या होत्या. काचेचा टप, घाट, उजेड, सारे आम्ही त्यांना समजावून सांगितले. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘वकीलसाहेब, टप कशाला कापता? मला पुढे बसवा की. ही गाडी आली तेव्हा पुढे मामंजी बसत. ते गेले, तर पाहुणे बसत. मग मुलगे मोठे झाले, ते बसत. या गाडीत मी कधी पुढे बसलेच नाही.’

थोरला उठला आणि गाडीची किल्ली आणावयास आत गेला. धाकट्याने पुढचे दार उघडले. आम्ही मागे बसलो. तेथे खरोखरच अंधार होता आणि घुसमटत होते. बेळगुंदीच्या वाटेवर गाडी लागली तेव्हा पुढच्या काचेतून सारे आकाश दिसत होते.

या सल्ल्याची फी आम्ही घेतली नाही. टप अद्याप अखंड आहे.